गिऱ्हाईक कोण? : विद्यापीठीय यशोगाथांचे एक वाचन

मागच्या वर्षी एका विद्यापीठाकडून माझ्याकडे एक पुस्तिका मुद्रितशोधनासाठी आली. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे, वीस-बावीस विद्यार्थी-उद्योजकांच्या यशोगाथा. मी मराठीचा निवृत्त अध्यापक. त्याआधी याच विद्यापीठाच्या उद्योजकता निवड समितीवर ‘भाषेचा माणूस’ म्हणून मी एक वर्ष बसलो होतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासून पुस्तिका परत करावी, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती. परंतु आयुष्यभर वाङ्मय वाचण्याची सवय जडलेल्या माणसाला नुसते ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत. ती पुस्तिका मी एक संहिता म्हणून वाचली, आणि जे जाणवले ते मांडणे मला आवश्यक वाटते. यशोगाथा हा आज विद्यापीठांतून सर्वांत जोमाने लिहिला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. त्याची समीक्षा मात्र कुणी करीत नाही.

या प्रकाराचा साचा ठरलेला आहे. प्रथम ‘सामान्य कुटुंब’. मग एक अडचण, ती बहुधा पैशाची. मग एका रात्री सुचलेली कल्पना. मग विद्यापीठाच्या उबवण केंद्राचे मार्गदर्शन. मग ‘ग्राहकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य. शेवटी नायक इतर तरुणांना सांगतो, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. वीस-बावीस कथांतून हाच क्रम. नायकाला वस्ती नाही, आडनाव आहे पण त्या आडनावाला इतिहास नाही. एखाद्याच्या बाबतीत ‘वंचित घटकातील’ असे विशेषण येते. ते वाक्याला शोभा आणते आणि निघून जाते.

मला सर्वांत खटकले ते ग्राहकांविषयीचे वाक्य. माल कुणी घेतला? कुणी घेतला नाही? ज्याने घेतला नाही त्याने का घेतला नाही? धंद्याच्या गोष्टीत याहून मोठा प्रश्न नाही, आणि नेमका तोच इथे ‘उत्स्फूर्त’ या एका शब्दात गुंडाळलेला आहे. या देशात गिऱ्हाईक कधी उत्स्फूर्त होते काय?

आपल्या वाङ्मयाला हा प्रश्न नवा नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’चा (१९७८) विचार आपण गावकीचे, अपमानाचे, भुकेचे आत्मकथन म्हणून करीत आलो. पण त्यातला कावाखाना पुन्हा वाचावा. तिथल्या बाया मुंबईच्या रस्त्यांवरून चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे वेचतात, निवडतात आणि विकतात. कच्चा माल, प्रतवारी, विक्री हे उद्योगाचे सगळे टप्पे तिथे आहेत. फक्त त्याला कुणी उद्योग म्हटले नाही. त्यांच्या कष्टातून उभी राहणारी पत त्यांच्या नावावर जमा झाली नाही.

ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) तर या संदर्भात मला पाठ्यपुस्तकच वाटते. आई सुपे-टोपल्या विणते, मुलगी त्या घरोघर पोचवते. घेणारीण माल घेते. पण मुलीला अंगणाबाहेर उभे करते, टोपलीवर पाणी शिंपडते आणि पैसे वरून हातात टाकते. वस्तूची किंमत मिळते, विक्रीही होते. परंतु त्या व्यवहारात विकणारीची पायरी जिथल्या तिथे ठेवली जाते. बाजार जात पुसून टाकतो असे मानणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने ते वरून पडणारे नाणे डोळ्यांपुढे आणावे. त्या टोपलीला मागणी होतीच, कारण जातीने नेमून दिलेला तो माल होता. त्याच आईने लोणचे घातले असते तर ते कुणी घेतले असते?

मुद्दा इथे येतो. आमच्या माणसांकडे कसब नव्हते, कल्पना नव्हती, जोखीम घेण्याची छाती नव्हती, हे खरे नाही. ज्यांचे उद्याचे जेवण ठरलेले नसते ते रोजच जोखीम घेतात. नव्हते ते गिऱ्हाईक. नेमलेल्या मालापलीकडचा माल आमच्या हातून घेणारे गिऱ्हाईक.

याची दोन उदाहरणे इतिहासात आहेत आणि ती एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

पहिले खुद्द बाबासाहेबांचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते १९१७ मध्ये परतले. बडोद्याला करारानुसार नोकरीवर रुजू झाले, राहायला जागा मिळेना, पारशांच्या वसतिगृहातून हाकलले गेले आणि मुंबईस आले. पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, आणि शेअरबाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देणारी एक पेढी उघडली. आजच्या भाषेत तो विद्यापीठातून ताज्या बाहेर पडलेल्या पदवीधराचा नवउद्योग होता. ज्ञान होते, परदेशी पदवी होती, आरंभी गिऱ्हाईकही होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. सल्ला चुकला म्हणून ती बुडाली नाही. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तर तिथे काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. बाबासाहेबांच्या चरित्रात या पेढीला चार-दोन ओळी मिळतात. उद्योजकतेच्या कुठल्याही अभ्यासक्रमात त्या पहिल्या धड्यात यायला हव्यात.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. गंगाराम कांबळे हे दरबारच्या पागेतले नोकर. मराठा नोकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे दुकान उभे राहिले. भांडवल मिळाले, जागा मिळाली, आणि तरीही दुकान ओस. कारण महाराच्या हातचा चहा कोण पिणार? इथपर्यंतची कथा बाबासाहेबांच्या पेढीसारखीच आहे. फरक पुढे पडतो. महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवू लागले. चहा मागवून स्वतः पिऊ लागले आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजू लागले.

आपण हा प्रसंग महाराजांच्या थोरवीची गोष्ट म्हणून सांगतो. थोरवी आहेच. परंतु माझ्या मते त्यातली बुद्धी अधिक महत्त्वाची आहे. १९०२ साली सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या या राजाला एक गोष्ट कळली होती: नोकरीत जागा राखता येते, बाजारात गिऱ्हाईक राखून ठेवता येत नाही, म्हणून आधी आपणच गिऱ्हाईक झाले पाहिजे. भांडवल देऊन ते घरी बसले असते तर गंगारामांचे दुकान महिनाभरात बंद पडले असते, आणि ‘या लोकांना धंदा जमत नाही’ असा शेरा मात्र कायमचा लागला असता.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती फारशी अभिमानाची नाही.

मी समितीवर होतो त्या वर्षी वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी आली. तिची आई दुसऱ्याच्या मिरची कांडपाच्या गिरणीत वर्षानुवर्षे कामाला. मसाला किती भाजायचा हे त्या बाईला वासावरून कळायचे. मुलीने आईच्या हातचा काळा मसाला आणि येसर पुड्यांत भरून विकायचे ठरवले होते. हिशेब चोख मांडला होता: मिरचीचा भाव, भाजणीत होणारी घट, पुडीचा खर्च, उधारी. पुडीवर तिने आईचे पूर्ण नाव घातले होते, आडनावासह.

समितीतल्या एका सल्लागाराने पुडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “प्रॉडक्ट छान आहे. पण नाव न्यूट्रल घ्या. आडनाव नको.” कुणी काही बोलले नाही. मुलीने माझ्याकडे पाहिले. तिला वाटले असावे, हे सर आपले आहेत. मी म्हणालो, “नाव लहान असले तर लक्षात राहते.”

ती म्हणाली, “सर, आईचं नाव लांब आहे का?”

मी उत्तर दिले नाही. भाषेच्या माणसाने भीतीला शैलीचा सल्ला म्हणून खपवले होते. पुडीवर पुढे एक गोड, निर्विकार नाव आले आणि खाली ‘अस्सल घरगुती चव’ अशी ओळ आली. कुणाच्या घरची, ते त्या ओळीत नव्हते. ‘घरगुती’ या शब्दात आपल्याकडे एक विशिष्ट घर गृहीत धरलेले असते. ते घर त्या मुलीचे नव्हते, हे सांगायला नको.

विद्यापीठाच्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी पुड्या हातोहात गेल्या. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी चार पुड्या बाजूला काढल्या, कौतुक केले आणि सहज विचारले, “आडनाव काय गं तुझं?” मुलीने सांगितले. बाई म्हणाल्या, “फिरून येते हं.” पुड्या तिथेच राहिल्या. शेजारच्या गाळ्यातून मी हे पाहिले. बाई वाईट नव्हत्या, आवाजही चढला नव्हता. वरून नाणे टाकण्याऐवजी आता नाणे पर्समध्येच राहते, एवढाच बदल झाला आहे.

यानंतरचे अडथळे कागदाचे. तिला बीजभांडवल मंजूर झाले, पण नियम असा की आधी खर्च करा, मग पावत्या सादर करा, मग रक्कम मिळेल. ज्याच्या घरात पैसा आहे त्याच्यासाठी हा नियम निव्वळ शिस्तीचा आहे; ज्याच्या घरात नाही त्याच्यासाठी तो नकार आहे. आईने बचत गटातून उचल घेतली. परवान्याला पत्त्याचा पुरावा हवा; घर वस्तीतले, भाड्याचे, करारनामा नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या विद्यार्थी व अध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात विद्यार्थ्याला परवानगीने संस्थेचा पत्ता वापरू द्यावा अशी तरतूद आहे. संबंधित कार्यालयात मी ती दाखवली. तिथल्या गृहस्थांनी कागद वाचला आणि तसे परिपत्रक आमच्याकडे आलेले नाही म्हणून सांगितले. पहिल्या हप्त्याची रक्कम हाती आली तेव्हा तिची परीक्षा होऊन गेली होती आणि मिरचीचा हंगामही.

योजना नाहीत असे कुणी म्हणू नये. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ आले. त्याच वर्षी ५ एप्रिलला ‘स्टँडअप इंडिया’ आले: बँकेच्या प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती-जमातींतील किमान एकाला आणि किमान एका स्त्रीला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे. त्यातही कर्जदाराने स्वतःचा हिस्सा घालायचा होताच. त्या योजनेची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यापीठांत नवोपक्रम व उबवणीसाठी संचालकाचे पद आणले. ३० सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने बाबासाहेबांच्या नावाने एक अभियान जाहीर केले: उच्च शिक्षणसंस्थांतील उबवण केंद्रांमार्फत चार वर्षांत अनुसूचित जातींतील १,००० तरुण शोधायचे आणि प्रत्येकाच्या कंपनीत तीन वर्षांत ३० लाख रुपयांचे भागभांडवल घालायचे. यातली एकही योजना मी निरर्थक मानीत नाही. पण त्या सगळ्या एकाच बाजूने विचार करतात. पैसा ओतला की उद्योग उगवतो, हे त्यांचे गृहीत आहे. २००५ च्या आर्थिक गणनेवरून अभ्यासकांनी दाखवले होते की देशाच्या लोकसंख्येत १६.४ टक्के असलेल्या अनुसूचित जातींकडे एकूण उद्योगांपैकी ९.८ टक्के होते, आणि त्या उद्योगांत काम करणारे फक्त ८.१ टक्के. याचा अर्थ आमचे उद्योग संख्येने कमी आणि आकारानेही लहान. ते लहान का राहतात, हे विचारल्यावर भांडवलाबरोबर गिऱ्हाइकाचे नाव घ्यावेच लागते.

‘उबवण’ हा शब्द मला पटतो. ऊब लागते हे खरे आहे. परंतु कोंबडी अंडे उबवते तेव्हा ती स्वतः त्यावर बसते. लांबून उबेचे परिपत्रक काढीत नाही. त्याच २०१९ च्या धोरणानुसार पुरवलेल्या सोयींच्या मोबदल्यात संस्था विद्यार्थ्याच्या कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. म्हणजे नफ्यात भागीदार होण्याची वाट विद्यापीठाला माहीत आहे. त्याच विद्यार्थ्याचा माल विकत घेण्याची वाट मात्र त्याला सुचत नाही.

इथे माझ्याच बाजूचे काही मित्र मला थांबवतील. ते म्हणतील, विद्यार्थ्यांना धंद्याला लावणे म्हणजे त्यांना भांडवलशाहीच्या दावणीला बांधणे. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते तू विसरलास काय? मी विसरलेलो नाही. ‘नोकरी देणारे व्हा’ या घोषणेआड राखीव जागांचा अनुशेष झाकला जातो, हेही मला दिसते. ज्या विद्यापीठात अध्यापकांची राखीव पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत त्याने दलित विद्यार्थ्याला नोकरी मागू नकोस असे सांगावे, यात उद्धटपणा आहे. उद्योजकता हा राखीव जागांना पर्याय म्हणून कुणी पुढे करीत असेल तर त्याला आपला स्पष्ट नकार असला पाहिजे.

पण म्हणून त्या मुलीला मसाला विकू नकोस असे मी सांगू काय? जातीने नेमलेले काम सोडून आपल्या पसंतीचे काम करणे हा जातिव्यवस्थेवरचा घाव आहे. जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. ती वाटणी कारखान्याच्या दारात मोडायची आणि दुकानाच्या फळीवर तशीच ठेवायची, हे मला मान्य नाही. शूद्राने धनसंचय करू नये असे सांगणाऱ्या स्मृतीचा वारसा आपण विरक्तीच्या नावाखाली चालवू नये.

तेव्हा विद्यापीठांकडे माझे मागणे असे. बीजभांडवल आधी द्या, पावत्या नंतर घ्या. धोरणात जो पत्ता देऊ केला आहे तो कार्यालयात विनातक्रार मिळू द्या. आणि सर्वांत आधी, गिऱ्हाईक व्हा. विद्यापीठाला उपाहारगृह आहे, वसतिगृहांच्या खाणावळी आहेत, छपाई आहे, वह्या-फाइली आहेत, समारंभांचे हारतुरे आहेत. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावी असे उद्दिष्ट घातले आहे. राज्याच्या विद्यापीठांवर ते बंधन नाही. बंधन नसताना एखाद्या विद्यापीठाने ते स्वतःवर घालून घेतले तर त्याला कोण अडवणार आहे? कुलगुरूंनी गाडी थांबवून चहा प्यावा असे मी म्हणत नाही. वसतिगृहाच्या आमटीत त्या मुलीचा मसाला पडावा, आणि पुडीवर तिच्या आईचे आडनाव असावे, एवढेच म्हणतो.

आणखी एक. बुडण्याची मुभा द्या. प्रस्थापित घरातल्या मुलाचा धंदा बुडाला तर त्याला अनुभव म्हणतात. आमच्या मुलीचा बुडाला तर समाजाचा दाखला देतात. पुस्तिकेत एक तरी कथा बुडालेल्या धंद्याची असू द्या, कारणांसह.

ती मुलगी आज एका खाजगी कंपनीत कंत्राटी हिशेबनीस आहे. मसाला बंद झालेला नाही. १४ एप्रिलला वस्तीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानाशेजारी एक पथारी असते, त्यावर तो मिळतो, आणि तिथे पुडीवर आईचे पूर्ण नाव असते. आपली माणसे तो घेतात. पण गिऱ्हाईक आपल्याच माणसांपुरते राहणे ही देखील गावकुसाबाहेरची जागाच आहे, हे विसरता येत नाही.

पुस्तिकेत तिची गोष्ट होती. शेवटचे वाक्य: “आज तिचा ब्रँड जिल्हाभर पोचला आहे.” मी ते खोडले, समासात एक परिच्छेद लिहिला आणि मुद्रित परत पाठवले. छापील पुस्तिका आली तेव्हा जिल्हाभर पोचलेला ब्रँड जागच्या जागी होता. परिच्छेद जागेअभावी घेता आला नाही, असे मला दूरध्वनीवरून कळवण्यात आले. तो इथे देतो:

“दुसऱ्या दिवशी एका बाईंनी आडनाव विचारले आणि चार पुड्या परत ठेवल्या. त्याआधी निवड समितीने तिला आडनाव काढायला सांगितले होते. समितीत प्रस्तुत लेखकही होता आणि तो गप्प राहिला. मसाल्यात काही दोष नव्हता.”